ओढ्यापलीकडची सत्तावीस मते

लायनेल क्रॅडॉकला मतदान केंद्रावरच्या नेमणुकीचे पत्र जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आले. बावीस वर्षे ते याच सुमारास येत होते आणि तो ते उभ्याउभ्याच उघडत आला होता, कारण त्यात नवे काही नसे. सॅलोकूमच्या हॉलमधले तेच टेबल, दोरीला बांधलेल्या त्याच पेन्सिली, आणि सकाळी सातपासून मतदारांची नावे व क्रमांक मोठ्याने वाचायचे तेच काम. एरवी चारचौघांत त्याला आवाज फुटत नसे. यादी वाचताना मात्र फुटे, कारण ते शब्द त्याचे स्वतःचे नसत.

या वेळी पत्राबरोबर एक जादा कागद होता. मेमध्ये काउंटी कौन्सिलची निवडणूक होती, आणि सॅलोकूमच्या ग्रामआराखड्यावरचे सार्वमतही त्याच दिवशी, त्याच टेबलावर घ्यायचा विचार होता. कुठे घरे बांधू द्यायची आणि कुठे नाही, हे त्या आराखड्यात अकरा वर्षे खपून लिहिलेले होते. सार्वमतात तो मंजूर झाला की जिल्हा कौन्सिलला बांधकामाच्या अर्जांवर निर्णय देताना तो विचारात घ्यावाच लागणार होता. नुसत्या सार्वमतासाठी लोक घराबाहेर पडत नाहीत. निवडणुकीला जोडून घेतले तर पडतात. म्हणून दोन्ही एकत्र. मतपत्रिकांचे रंग वेगळे ठेवायचे, पेटी एकच चालते.

कागदाच्या तळाशी एक लहान तक्ता होता. सॅलोकूमच्या मतदारांना दोन मतपत्रिका, पांढरी आणि जांभळी. पिन्स्लेकच्या मतदारांना एक, पांढरी. त्याखाली सूचना होती : पिन्स्लेकच्या मतदाराने विचारल्यास शांतपणे सांगावे, 'तुमचा पत्ता सार्वमताच्या क्षेत्रात येत नाही.'

लायनेल खुर्ची ओढून बसला.

पिन्स्लेक म्हणजे ओढ्यापलीकडची चौदा घरे. तिथली माणसे लग्नाला आणि मातीला सॅलोकूमच्याच चर्चमध्ये येत. त्यांच्या स्वतःच्या कौन्सिलचा हॉल चार मैल लांब, म्हणून मतदानालाही ती सॅलोकूमच्याच हॉलमध्ये येत. फक्त कौन्सिलच्या हद्दीने ती शेजारच्या गावात मोडत. मतदार सत्तावीस. त्यांतला एक डेन्झिल लस्कम. तो कुंपणे विणायचे काम करी आणि चर्चच्या घंटा वाजवणाऱ्यांचा म्होरक्या होता. त्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओढ्याअलीकडचे कुरण दिसे, आणि आराखड्याप्रमाणे त्या कुरणात अठरा घरे उभी राहायची होती.

लायनेलला मित्र असा एकच होता, आणि तो डेन्झिल. दर मंगळवारी संध्याकाळी सहा जण मनोऱ्यात जमत, आपापला दोर धरत. कोणत्या घंटेने कोणत्या घंटेच्या मागे वाजायचे ते डेन्झिल क्रमांकाने पुकारी. चौथी घंटा लायनेलची. तो नेमाने अर्धा क्षण उशीर करी आणि डेन्झिल नेमाने विचारी, "चौथी, झोपलीस काय गं?" चाळीस वर्षांत या विनोदाला कोणी हसले नव्हते, पण तो चुकला असता तर सगळ्यांनी वर पाहिले असते.

किटली तापत असताना लायनेलने ते वाक्य म्हणून पाहिले. किटलीला उद्देशून ते नीट जमले. मग समोर डेन्झिल उभा आहे अशी कल्पना केली, तर 'तुमचा पत्ता' एवढे म्हणून तो कपात साखर घालू लागला. त्या पत्त्यावर तो कित्येक वर्षे रविवारचे जेवण जेवत आला होता.

आणि खरे कारण याहून वाईट होते. ती सीमा त्यानेच आखली होती.

अकरा वर्षांपूर्वी गावच्या कौन्सिलच्या अध्यक्षा मिसेस व्हॉस्पर त्याच्याकडे अर्ज घेऊन आल्या होत्या. काउंटीच्या दप्तरखान्यात चौतीस वर्षे नकाशे सांभाळून तो नुकता निवृत्त झाला होता. आराखड्याचे क्षेत्र दाखवणारा नकाशा अर्जाला जोडायचा होता. मिसेस व्हॉस्पर म्हणाल्या होत्या, पिन्स्लेकही घेऊ, आपलीच माणसं आहेत ती. फक्त त्यांच्या कौन्सिलची संमती लागते, तेवढा त्यांच्या कारकुनाला फोन करा. त्या कारकुनाचे नाव ग्रिंट. फोन उचलताच तो म्हणे, 'कोण? मोठ्याने बोला.' लायनेलने तीन आठवड्यांत तीनदा रिसीव्हर उचलला. एकदा पलीकडे घंटा वाजूही दिली आणि मग ठेवून दिला. शेवटी पेन्सिल घेऊन रेघ ओढ्याच्या मधोमध नेली. रेघ दिसायला सुरेख आली. मिसेस व्हॉस्परनी दारातच विचारले, पिन्स्लेकचं काय झालं, तेव्हा तो म्हणाला, ते नको म्हणाले.

एवढेच वाक्य. ते एका दिवसात उघडे पडेल असे त्याला वाटले होते. पण सॅलोकूमने मनाशी धरले की पिन्स्लेकला आपण नको आहोत. आणि पिन्स्लेकने मनाशी धरले की व्हॉस्परबाईंनी आपल्याला वगळले, जत्रेत सायडरच्या, म्हणजे सफरचंदाच्या दारूच्या, तंबूवरून झालेले भांडण उकरून. दोन्हीकडची माणसे दर रविवारी एकाच बाकावर बसत, हवेबद्दल आणि एकमेकांच्या गुडघेदुखीबद्दल बोलत. मनाला लागलेली गोष्ट तोंडावर काढायची नाही, ही तिथली रीत. त्या रीतीने लायनेलचे वाक्य अकरा वर्षे झाकून ठेवले. डेन्झिलने मात्र मिसेस व्हॉस्परना पाहून टोपीला हात लावणे तेव्हापासून बंद केले होते.

हिवाळ्यात आराखडा स्वतंत्र परीक्षकाकडे गेला. सार्वमताचे क्षेत्र आराखड्याच्या क्षेत्राहून मोठे असावे का, याचीही शिफारस परीक्षकाने करायची असते. पिन्स्लेकलाही सार्वमतात घ्या म्हणून डेन्झिलने तिथून एकवीस सह्या गोळा करून पाठवल्या. परीक्षकाने लिहिले की गरज दिसत नाही. सीमा नैसर्गिक खुणेला धरून, पुरेशा विचारान्ती आणि पलीकडच्या रहिवाशांची इच्छा लक्षात घेऊन आखलेली आहे. डेन्झिलने तो अहवाल मनोऱ्यात आणून दोरांच्या खाली सगळ्यांना वाचून दाखवला. ही व्हॉस्परबाई आता छापूनसुद्धा खोटं बोलायला लागली, असे तो म्हणाला. लायनेल दोराची गाठ तपासत राहिला.

शेवटचा निर्णय जिल्हा कौन्सिलच्या समितीचा होता, फेब्रुवारीतल्या एका बुधवारी संध्याकाळी सहाला. ज्याला तिथे बोलायचे असेल त्याने आदल्या दिवशी दुपारी बारापर्यंत नाव नोंदवायचे. बोलायला तीन मिनिटे मिळतात. मंगळवारी सकाळी लायनेलने निवडणूक कार्यालयात फोन लावला आणि या वेळी ठेवला नाही. पलीकडे फरीदा लोधी होती. गेली सहा वर्षे त्याच्या नेमणुकीचे पत्र तीच पाठवत होती.

त्याने आधी माफी मागितली, मग कशाची ते सांगितले. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"मिस्टर क्रॅडॉक, नकाशा काढलात त्याचं काही नाही," ती म्हणाली. "पण तुम्ही उद्या उभं राहून एका बाजूनं बोललात, तर मेमध्ये मला तुम्हाला टेबलावर बसवता येणार नाही. या वर्षी नाही, आणि खरं सांगायचं तर पुढेही जरा अवघडच. माझी तुमच्यासारखी दुसरी माणसं नाहीत. म्हणून विचार करा म्हणतेय."

त्याने विचार केला. साडेअकराला नाव नोंदवले. त्या संध्याकाळी मनोऱ्यात डेन्झिलला आधी सांगून टाकावे असे त्याच्या मनात होते. दोन वेळा तोंड उघडले. दोन्ही वेळा डेन्झिलने क्रमांक पुकारला.

बुधवारी समितीच्या खोलीत अकरा सभासद होते आणि ऐकायला आलेले जेमतेम तितकेच. पुढच्या रांगेत मिसेस व्हॉस्पर, मागच्या रांगेत हातात टोपी घेऊन डेन्झिल. त्या दोघांच्या मधल्या रिकाम्या खुर्च्यांपैकी एकीवर लायनेल बसला होता. त्याचे नाव पुकारले तेव्हा तो उठला, आणि बोलायचे मुद्दे लिहिलेले हातातले कागद कोणत्या क्रमाने लावले होते तेच त्याला आठवेना. त्याने ते खिशात ठेवले.

"मला मोठ्याने बोलता येत नाही," तो म्हणाला, "त्याबद्दल माफ करा. अहवालात लिहिलंय की ती सीमा विचार करून आखली. ती मी आखली. विचार काही केला नव्हता. पिन्स्लेकला विचारायचं होतं, तसं मला सांगितलं होतं. मी विचारलं नाही. मला फोन करायची भीती वाटली. आणि मिसेस व्हॉस्परना मी सांगितलं की ते नको म्हणाले. तसं कोणीच म्हणालं नव्हतं."

मागे कोणाची तरी खुर्ची करकरली. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहून सांगितले की अजून दीड मिनिट आहे. एवढा वेळ उरेल हे लायनेलच्या गणितात नव्हते.

"सार्वमत वेगळ्या दिवशी असतं," तो थांबत थांबत म्हणाला, "तर ती माणसं आलीच नसती, आणि कोणाच्या नजरेतही आलं नसतं. पण तुम्ही दोन्ही एकत्र घेताय. म्हणजे ती त्याच रांगेत उभी राहणार. पुढच्याला दोन कागद, मागच्याला एक. बावीस वर्षं मी ते कागद देतोय. मागच्याला काय सांगायचं ते मला लिहून आलंय, पण ते मला सांगता येणार नाही. ते खरं आहे, पण माझ्यामुळे खरं झालंय. टेबल एक ठेवताय, तर कागदही सारखे द्या."

तो बसला. दीड मिनिट पुरते संपलेही नव्हते.

सभासदांनी कायदा पाहणाऱ्या अधिकाऱ्याला विचारले. क्षेत्र आराखड्यापेक्षा लहान करता येत नाही, मोठे करता येते, असे त्याने सांगितले. पण ठरवायचे तर आज, कारण सूचना लावायला, कागद छापायला ठरावीक दिवस लागतात. आज लांबले तर मेची तारीख हुकेल आणि मग सार्वमत एकटेच घ्यावे लागेल. मिसेस व्हॉस्परना बोलायची पाळी आली तेव्हा त्या म्हणाल्या की त्यांना जे बोलायचे होते ते आता निकामी झाले आहे, तेव्हा त्या बसतात. मतदान झाले. सात विरुद्ध चार. पिन्स्लेक सार्वमतात आले.

मग प्रश्न निघाला नकाशाचा. वस्तीच्या बागा नेमक्या कुठे संपतात ते कौन्सिलच्या नकाशांत धड नव्हते, आणि शुक्रवारी दुपारपर्यंत रेघ हवी होती. हे कोण करणार, असे अध्यक्षांनी सहज विचारले.

"त्यांच्याकडे पेन्सिल आहे," मिसेस व्हॉस्पर मान न वळवता म्हणाल्या. "या खेपेला मात्र दारं वाजवायला सांगा."

गुरुवारी सकाळी नऊ वाजता लायनेल ओढ्यावरची फळी ओलांडून गेला. पहिले दार डेन्झिलचेच होते. डेन्झिलने दार उघडले, त्याच्याकडे पाहिले आणि आत निघून गेला. दार तसेच उघडे राहिले. लायनेल पायरीवर थांबला. जरा वेळाने डेन्झिल गमबूट चढवून बाहेर आला, मोजपट्टीचे दुसरे टोक धरले आणि चालू लागला.

चौदा दारे झाली. एका म्हातारीला वाटले की हे गटार तुंबल्याचे पाहायला आले आहेत, आणि ते पाहिल्याशिवाय तिने आपली बाग कुठे संपते ते सांगितले नाही. एका घरात आराखडा म्हणजे काय हेच ठाऊक नव्हते. लायनेलला ते सगळे सांगावे लागले, आणि सांगता सांगता आपण बोलतो आहोत हे तो विसरला. तिसऱ्या घरातल्या बाईने, अठरा घरे म्हणजे अठरा मोटारी का छत्तीस, असे विचारले, आणि त्याने तो प्रश्न नकाशाच्या कडेला लिहून घेतला. या सगळ्या वेळात डेन्झिल पट्टीचे टोक धरून पुढे चालत राहिला. शेवटच्या कुंपणाशी त्याने पट्टी सोडून दिली.

"अकरा वर्षं मी त्या बाईला पाहून टोपीला हात लावला नाही," तो म्हणाला.

"हो."

"आता मला जाऊन तिची माफी मागावी लागणार. खोटं बोललास ते एक वेळ विसरेन, लायनेल. हे नाही विसरणार."

त्याने माफी मागितल्याचे लायनेलच्या कानावर आले. मिसेस व्हॉस्परनी त्याला आत बोलावून चहा दिला आणि सायडरच्या तंबूची गोष्ट पहिल्यापासून पुन्हा काढली, असेही आले. पण डेन्झिलकडून काही आले नाही. पुढचे दहा मंगळवार तो लायनेलशी फक्त घंटेपुरते बोलला. चौथी, पाचवीच्या मागे. चौथी, दुसरीच्या मागे. लायनेल अर्धा क्षण उशीर करी, आणि त्यावर काहीच येत नसे. बाकीचे चौघे वर पाहत, मग खाली पाहत.

कुरणाबद्दल दोन्ही बाजूंनी पत्रके निघाली. पिन्स्लेकमधल्या खिडक्यांत काही ठिकाणी 'नको'चे कागद लागले, दोन ठिकाणी 'होय'चेही. डेन्झिलच्या खिडकीत काहीच लागले नाही. फरीदा लोधीने लायनेलला आभाराचे पत्र पाठवले. ते त्याने बसून वाचले.

मतदानाच्या दिवशी सवयीने तो पहाटेच उठला आणि पावणेसातला हॉलच्या दाराशी पोहोचला. आत शिरायला दुसऱ्या कोणालातरी दार उघडावे लागेल, हे तिथे गेल्यावर त्याच्या लक्षात आले. रांगेत तो पहिला. मागे पावले वाजली, आणि दुसरा नंबर डेन्झिलचा लागला. दोघेही दाराकडे तोंड करून उभे राहिले.

सातला दार उघडले. जमिनीवर बॅडमिंटनच्या रेघा होत्या तशाच होत्या, पेटी खिडकीखाली होती. टेबलामागे शहरातून पाठवलेली एक तरुण मुलगी बसली होती. तिने त्याच्याकडे फोटो असलेले ओळखपत्र मागितले. लायनेलने कोटाचे सगळे खिसे चाचपले. हा नियम आला तेव्हापासून तो टेबलाच्या त्या बाजूलाच बसत होता आणि स्वतःचे मत टपालाने देत होता. आजवर किती जणांना त्याने याच कारणासाठी घरी परत पाठवले होते.

"माझा फोटो असलेला बसचा पास घरी राहिला," तो म्हणाला.

मुलीने खेदाने सांगितले की मग देता येणार नाही.

"मी याला चाळीस वर्षं ओळखतो," मागून डेन्झिल म्हणाला.

मुलगी म्हणाली, तसं चालत नाही, कार्डच लागतं.

"बरोबर करताय," डेन्झिल म्हणाला. "याच्या शब्दावर तर मुळीच जाऊ नका."

लायनेल बाजूला झाला. पण लगेच बाहेर गेला नाही. डेन्झिलने आपले कार्ड दाखवले. मुलीने यादीत बोट फिरवले आणि त्याचे नाव, क्रमांक मोठ्याने वाचले. मग दोन कागद फाडले, एक पांढरा आणि एक जांभळा, आणि दोन्हींवर काय आहे, दोन्ही याच एका पेटीत टाकायचे, हे सांगितले. डेन्झिलने दोन्ही हातांत एक एक घेतला आणि तो आडोशामागे गेला. पांढऱ्याला वेळ लागला नसावा. तरी डेन्झिल बराच वेळ आत होता. लायनेल तेवढ्यात घराकडे निघाला.

तो पास घेऊन परत आला तेव्हा डेन्झिल हॉलच्या भिंतीला टेकून उभा होता. काय दिलेस, असे लायनेलने विचारले नाही. बावीस वर्षांत त्याने ते कोणालाच विचारले नव्हते. डेन्झिलनेही सांगितले नाही. त्याने पायाने दार ढकलून धरले आणि लायनेल आत गेला. मुलीने पास पाहिला आणि मोठ्याने वाचले, "क्रॅडॉक, लायनेल जॉर्ज, दोनशे अकरा." बावीस वर्षांत त्या खोलीत स्वतःचे नाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची ही त्याची पहिलीच वेळ होती. त्याला वाटले, मुलगी जरा घाईने वाचते आहे.

निकाल शुक्रवारी दुपारी लागला. आराखड्याच्या बाजूने चारशे दोन, विरुद्ध एकशे एकतीस. कुरणात घरे होणार.

मंगळवारी मनोऱ्यात दोर सोडवताना डेन्झिलने विचारले, "आमची सत्तावीस कुठे गेली, ते कळतं का?"

"नाही," लायनेल म्हणाला. "सगळी एकत्र ओततात. नंतर वेगळी काढता येत नाहीत."

"म्हणजे आम्ही 'नको' म्हणालो की 'होय', ते तुलाही सांगता येणार नाही."

"नाही."

"चला, एवढं तरी बरं झालं."

सहाही जणांनी दोर धरले. घंटा आपल्या क्रमाने वाजू लागल्या, आणि दोन-तीन फेऱ्या झाल्यावर डेन्झिलने पुकारले, चौथी, पाचवीच्या मागे. लायनेलने दोर ओढला. अर्धा क्षण उशीर झालाच.

"चौथी," डेन्झिल म्हणाला, "झोपलीस काय गं?"

कोणी हसले नाही. पुढच्या फेरीला चौथी पुन्हा उशिरा वाजली.